मखमलीची बाही

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५. सकाळी ७.४०.
बंगळुरात बनशंकरीतलं शिंप्याचं दुकान उघडून मशिनला तेल घालत होतो. हात पुसून लिहितोय. देवाप्पा मास्टरांनी शनिवारीही कापड बेतायला दिलं नाही. दोन वर्षं नुसती शिलाई! नववीत शाळा सुटली तीही माझीच. मला कोणी पुढे येऊच देत नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर.
जेवताना अक्काला हेच सांगत होतो. सत्यवती अक्का ऐकून घेणारी नव्हे. म्हणाली, दसऱ्याआधी मास्टरांनी ब्लाउज बेतायला दिला होता ना? तूच म्हणालास, शिलाई साचलीय.
"भीती वाटली म्हण की. मास्टरांना कशाला नावं ठेवतोस?"
ताटावरून उठलो. चूळ भरताना कळलं, ती खरं बोलतेय. कापड हातात घेतलंच नाही, तर ते बिघडणार नाही आणि दोष मास्टरांचा राहील. किती सोयीचं!

गुरुवार, ६ नोव्हेंबर.
बेतायला कापड मागितलं. मास्टर चष्म्यावरून बघत राहिले. "स्वल्प, जरा जपून," म्हणाले आणि कात्री पुढे सरकवली. नेहमीच्या गिऱ्हाईक सुप्रीता मॅडमचा मखमली ब्लाउज.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर.
एक बाही उलटी बेतली! मखमलीची लव सगळीकडे एकाच दिशेला हवी, नाहीतर एकाच कापडाचे दोन रंग दिसतात. शेजारच्या मशिनवरचा गिरीराज म्हणाला, कापडच खराब आहे म्हणून सांग, तिला काय कळतंय. माझ्याही जिभेवर तेच होतं.
फोन मीच लावला. "मॅडम, कापड चांगलं आहे. बाही मी चुकीची बेतली. तेवढी मखमल मी आणतो."
त्या म्हणाल्या, सरी, ठीक आहे, रविवारी लग्न आहे, तेवढं बघा.
मास्टर ऐकत होते. छटा जुळेपर्यंत चिकपेठेतला कापडबाजार पालथा घातला. नवी बाहीही मीच बेतली.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
ब्लाउज वेळेत मॅडमकडे गेला. मास्टरांनी पुढचं कापड माझ्यासमोर टाकलं — न मागता.

सोमवार, १० नोव्हेंबर.
गिरीराज मागच्या खोलीत बायकोशी फोनवर बोलत होता. "मास्टरांनी त्यालाच जवळ केलंय. आम्ही कितीही राबलो तरी कोण विचारतंय?"
'त्याला' म्हणजे मला! गेल्या सोमवारी मीही हेच रडगाणं लिहिलं होतं.
उद्या गिरीराजला माझ्याजवळ बेतायला उभा करणार. नको म्हणेल. परवा पुन्हा विचारीन.