पडद्यापलीकडची इंग्रजी

१२ सप्टेंबर १९८३, सोमवार. रात्री सव्वाअकरा

या वेळी गंगापूर रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरने माझ्या डाव्या डोळ्याला ‘बियाँड रिपेअर’ म्हटलं. मला नाही सांगितलं — देवरामला, माझ्या भाच्याला. मला बाहुल्या मोठ्या व्हायचे थेंब घालून पडद्यामागे बसवलं होतं. थेंब डोळ्यांत होते, कानांत नव्हते!

तोवर दोघं व्यवस्थित मराठीत बोलत होते. गणपती, पाऊस, कांद्याचे भाव. वाईट सांगायची वेळ आली तशी इंग्रजी सुरू. काचबिंदूने आतली नस गेली, डोळा ‘लॉस्ट कॉज’ आहे. नऊवारीतल्या बाईला काय कळतंय, हा डॉक्टरचा हिशेब; पडद्याआड ऐकू येत नाही, हा देवरामचा!

कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी शिकवलं आणि पुढे मी शाळेत मुलींना शिकवलं — बियाँड रिपेअर छत्रीला म्हणावं, घड्याळाला म्हणावं.

रिक्षात देवराम म्हणाला, “आत्या, नवीन थेंब दिलेत. सुधारेल.”

घर येईपर्यंत वाट पाहिली. खरं सांगेल म्हणून.

१३ सप्टेंबर

डावा डोळा झाकला तर काही बिघडत नाही. उजवा झाकला की शकुबाई दिसत नाही, नुसत्या तिच्या बांगड्या वाजतात. स्वयंपाक करता करता विचारते, आज हा काय खेळ?

१७ सप्टेंबर

शकुबाईला सांगितलं. ती म्हणाली, “बाई, रडा की जरा. डाक्टरला शिव्या देऊन डोळा येणार हाय का?”

मग इंग्रजीत दिल्या. कळल्या नाहीत, तरी पोळी लाटता लाटता हसली.

रात्री रडले. डाव्या डोळ्यातूनही पाणी येतं. तेवढं काम चालू आहे.

२१ सप्टेंबर

देवराम येऊन गेला. थेंब घातले, केळी आणली, उशी नीट केली. सुधारेल, सुधारेल. इतक्या मायेने खोटं बोलतो की ओरडता येत नाही. ‘द डॅमेज इज डन’ — एवढं तरी म्हण ना, बाबा! कुठल्याही भाषेत.

२४ सप्टेंबर

२१ तारखेच्या ओळी वाकड्या गेल्यात. उजव्या डोळ्याने लिहिल्या होत्या.

२६ सप्टेंबर, सोमवार

पुन्हा तोच पडदा. उजव्यालाही तेच झालंय. डॉक्टर देवरामवर चिडला, इंग्रजीतच: ऑपरेशन करा म्हणून तुम्हाला गेल्या वर्षीच सांगितलं होतं, तेव्हा दोन्ही डोळे वाचले असते, आता ‘टू लेट’.

देवराम अगदी हळू म्हणाला, “शी वुड हॅव बीन फ्राइटन्ड, डॉक्टर.”

वाक्य बिनचूक. मीच शिकवलेलं.

घरी आल्यावर त्याच्यासाठी चिठ्ठी लिहिली: देवराम, मी घाबरले असते की नाही, हे तू मला का विचारलं नाहीस? उत्तर लेखी हवं. मराठीत, मोठ्या अक्षरांत, दसऱ्याच्या आत. नंतर ते दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागेल.