चष्मा पुसेपर्यंतची शांतता

प्रिय ठमाबाई,

दातांच्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार नेमकी कुठे नोंदवतात, हे ठाऊक असेल तर उलटटपाली कळव. प्रकरण गंभीर आहे. परवा सकाळी मी त्यांच्या त्या वर-खाली होणाऱ्या खुर्चीत आडवा पडलो होतो. तोंडात एक नळी, एक आरसा, कापसाचे बोळे आणि डॉक्टरांची निम्मी बोटं. अशा अवस्थेत त्या सद्गृहस्थांनी मला विचारलं, "त्या चष्म्याच्या नाटकातली मुलगी तुमची भाची ना हो? दोन पास मिळतील का? नाही, तीनच द्या, सासूबाईपण म्हणतायत." मी "आँ" म्हणालो. त्यांनी तो होकार धरला. दाढ उपटून घेणाऱ्या माणसाला नकाराचा हक्क नसतो, हे मला त्या खुर्चीत कळलं. त्याआधी नळ दुरुस्त करणाऱ्यानं गळका नळ तसाच गळू देत तुझी चौकशी केली, आणि वाचनालयातल्या बाई, ज्या मला वर्षानुवर्षं फक्त उशिराबद्दल झापत आल्या, त्या चक्क हसल्या. मी दर आठवड्याला वर्तमानपत्रात सदर लिहितो, जगाची टोपी उडवतो, पण आजवर गावात माझी ओळख काय, तर तुझ्या बाबांचा मेहुणा. आता मी 'तिचा मामा' झालोय. पगार तोच आहे, पण बढती झाली की चाल बदलते म्हणतात ना, तशी माझी बदललीय. तुझी आई म्हणाली, "छाती काढून चालू नकोस, शर्टाची बटणं तुटतील." तुटू देत.

खरं तर तुमच्या त्या थोर नटघराण्याची मला पहिल्या दिवसापासून धास्ती आहे. ताईचं लग्न ठरवायला आमच्या वडिलांच्या मागे मागे मीही आलो होतो. तहान लागली होती म्हणून "जरा पाणी मिळेल का?" एवढंच बोललो. लगेच खिडकीपाशी बसलेले तुझे आजोबा गरजले, "पाणी? या घरात पाणी मागणारा तू कोण?" जिन्यावरून तुझ्या बाबांनी उत्तर दिलं, "तुम्ही टाकून दिलेला मुलगा!" आणि स्वयंपाकघरातून तुझी आजी कपबश्यांचा ट्रे घेऊन हुंदके देत बाहेर आली. आमचे वडील उठून चपला शोधायला लागले. मग उलगडा झाला. आजोबांच्या कुठल्याशा गाजलेल्या नाटकातलं वाक्य मी चुकून बोललो होतो, आणि घरच्या शिस्तीप्रमाणे पुढचं वाक्य ज्याचं त्यानं उचललं होतं. पाणी शेवटपर्यंत मिळालं नाही ते नाहीच.

ती शिस्त आजोबांची. घरातल्या कुणालाही भूमिका मिळाली की ती सगळ्या घरानं पाठ करायची. "आपलं माणूस रंगमंचावर अडकलं तर घर अडकलं," असं ते म्हणायचे. जेवताना एकानं वाक्य टाकायचं, दुसऱ्यानं झेलायचं, आणि कुणी अडखळलं की तिघांनी मिळून आठवण करून द्यायची. शाळेत चार ओळींची कविता म्हणताना तत-पप करणारी माझी बहीण तुमच्याकडे गेल्यावर आमटी ढवळता ढवळता खलनायकांची भाषणं म्हणायला लागली. तू तर बोलायला शिकलीस तीच दुसऱ्यांची वाक्यं पुरी करत. बाहेरच्यांना हा वेडाचार वाटायचा. मला आता वाटतं, त्या घरात प्रेम करायची तेवढी एकच रीत होती. कुणी कुणाच्या पाठीवरून हात फिरवत नसे. पण कुणाला शब्द कमी पडू देत नसत.

तुझा पहिला सिनेमा आठवतो? कसा विसरशील. चौकाचौकात तुझं तोंड, आणि त्याच्यामागे ढगांत आजोबा आणि बाबा, जणू वर बसून तुला खाली सोडतायत. पोस्टर छापायला जेवढी शाई लागली तेवढीही माणसं बघायला आली नाहीत. त्या टकल्या समीक्षकानं लिहिलं, "नाक आजोबांचं, डोळे वडिलांचे, अभिनय कुणाचा ते कळलं नाही." घरात सुतक. बाबा त्याच्यावर दावा ठोकायला निघाले होते. तू मात्र माझ्याकडे आलीस, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर पाय वर घेऊन बसलीस आणि म्हणालीस, "मामा, तो खरंच बोलतोय. मलापण नाही कळलं." मी थट्टा करायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. स्वतःविषयी इतकं सरळ वाक्य बोलणारं तुमच्या घराण्यातलं तू पहिलंच माणूस. बाकीच्यांना लिहून द्यावं लागतं.

आणि मग तू हत्ती झालीस. नुसता हत्ती असता तर बाबांनी सोसलंही असतं. तू झालीस हत्तीचे मागचे पाय. शाळाशाळांतून बालनाट्य करणारी ती मंडळी, फोमचा तो करडा डोलारा, आत वाकून उभं राहायचं, समोर फक्त पुढच्या माणसाची पाठ. बाबांचा चेहरा बघण्यासारखा होता. "तीन पिढ्यांचा वारसा हत्तीच्या बुडाशी नेऊन ठेवलास!" त्यावर ताई शांतपणे म्हणाली, "हत्ती तरी आहे. उंदीर असता तर काय केलं असतंत?" मी एका प्रयोगाला आलो होतो, तुला सांगितलं नव्हतं. हत्तीला दुःख होतं तो प्रसंग. पुढचे पाय, म्हणजे ते निवृत्त कवायतमास्तर, नियमाप्रमाणे सोंड खाली घालून उभे. आणि मागचा एक पाय हळूच उचलला गेला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि ठेवावा की नको असं करत खाली आला. शेजारची छोटी मुलगी आईला म्हणाली, "आई, त्याला घरी जायचंय." चेहरा नाही, आवाज नाही, आडनाव नाही. सगळ्या बघणाऱ्यांत मी एकटाच होतो ज्याला ठाऊक होतं की हे कोण आहे. तेव्हापासून माझी छाती फुगायला लागली, ताई उगाच दंतवैद्याच्या माथी मारते.

त्या पायामुळेच तुला हे नाटक मिळालं. दिग्दर्शिकाबाईंची भाची त्या शाळेत होती, त्यांनी हत्ती पाहिला आणि विचारलं, "मागे कोण आहे?" आडनाव त्यांना नंतर कळलं, आणि कळल्यावर त्या म्हणे दोन दिवस विचारात पडल्या, घ्यावी की नको. लोकांना आडनावामुळे कामं मिळतात. तुझं जाता जाता राहिलं. भूमिका तरी कसली! कारखान्यात अपघातात गेलेल्या माणसाची बायको. कारकून एकेक वस्तू टेबलावर ठेवतो, ती ओळखते. शेवटी चष्मा येतो, एका काडीला दोरा गुंडाळलेला. "हा त्यांचाच ना?" असं कारकून विचारतो. ती चष्मा उचलते, बाहीच्या टोकानं काचा पुसते, आणि पुसून होईपर्यंत काहीच बोलत नाही. मग म्हणते, "हो. त्यांचाच." तिनं हो म्हटलं की तो माणूस मेला. म्हणून ती पुसत राहते. सगळं नाटक त्या पुसण्यावर उभं आहे.

पहिल्या प्रयोगाला मामाशिवाय घरचं कुणीही यायचं नाही, असं तू बजावलंस. बाबांनी मान डोलावली, आणि त्याच मानेला मफलर गुंडाळून ते तिसऱ्या रांगेत येऊन बसले. मलाही पत्ता नव्हता. तू चष्मा उचललास. एक काच पुसलीस. दुसरी पुसायला घेतलीस. नाट्यगृहात एक खोकला नाही. आणि त्या अंधारातून तो आवाज आला, जो या देशात रिक्षावाल्यापासून राज्यपालांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे: "हो, त्यांचाच!" पोर अडकली, असं वाटलं त्यांना. पुढे काय झालं ते तुला काय सांगू. माना वळल्या, कुणी हसलं, मागून शिट्टी आली, एका गाढवानं टाळ्यासुद्धा वाजवल्या. कारकून झालेला तो नट भांबावून तुझ्याकडे बघायला लागला. तू मान वर केली नाहीस. पुसत राहिलीस. लोक हसून दमले, ओशाळले, गप्प झाले, तरी तू पुसतच होतीस, जणू त्या बाईच्या आयुष्यात असलं हसणं रोजच ऐकू येतं. मग काड्या मिटल्यास आणि म्हणालीस, "हो. त्यांचाच." तेच शब्द. पण ते आम्ही पहिल्यांदा ऐकले.

दुसऱ्या दिवशी छापून काय आलं? बापाचा फोटो. 'लेकीच्या मदतीला धावला महानायक.' तुझं नाव खाली, बारीक टायपात. तू मैत्रिणीच्या खोलीवर राहायला गेलीस ते बरोबरच केलंस. बाबांचा फोन घेत नाहीस, त्यावरही माझं काही म्हणणं नाही. जे तू हत्तीच्या पोटात वाकून मिळवलंस, ते त्यांनी दोन शब्दांत स्वतःच्या खात्यावर जमा करून टाकलं, आणि तेही प्रेमापोटी, म्हणजे धड शिव्याही घालता येत नाहीत. पण प्रयोग चालू राहिले आणि तू रोज पुसत राहिलीस. शिट्टीसाठी आलेले लोक पांगले, चष्म्यासाठी येणारे वाढले. आता मोठं नाट्यगृह, बाहेर रांग, आणि त्या रांगेत बापाचं नाव कुणी काढत नाही. टकल्या समीक्षकानं परवा दुसऱ्यांदा लिहिलं. या वेळी त्यानं अवयवांची वाटणी केली नाही.

घरची खबर हवी असेल तर अशी, की जेवताना तिथे आता चमच्यांचे आवाज ऐकू येतात. कुणी वाक्य टाकत नाही. ताई म्हणते, "इतकी शांतता या घरात सासूबाई गेल्या तेव्हाही नव्हती." गेल्या आठवड्यात भाऊजी माझ्याकडे आले. दारातच म्हणाले, "तू लेखक माणूस. मला माफीचं काहीतरी लिहून दे, मी पाठ करतो आणि तिच्यापुढे म्हणतो." मला हसू आलं, पण त्यांना आलं नाही. मी म्हटलं, मी सांत्वनाचं पत्र लिहिलं तरी घरचे लोक हसतात, माझ्या भरवशावर राहू नका. मग आत येऊन बसले. म्हणाले, "मला सगळं पाठ होतं रे. तिचं एकटीचं नाही, त्या कारकुनाचंसुद्धा. ती घरी संहिता विसरून गेली होती, ती मी न्हाणीघरात नळ सोडून पाठ केली. वाटलं, पोरगी एकटी उभी आहे तिथे." मी त्यांना रविवारच्या प्रयोगाचं तिकीट काढून दिलं. शेवटची रांग. मी शेजारी बसेन, आणि गरज पडली तर तोंडावर हात ठेवेन, या अटीवर.

तर रविवारी ते आले होते. तुला कळलं नसेल, कळू नये अशीच जागा होती. तू चष्मा उचललास तेव्हा मी हात तयार ठेवला. लागला नाही. पडदा पडल्यावर लोक उठले तरी ते उठेनात. बाहेर पायऱ्यांवर येऊन मला म्हणाले, "ती पुसत होती ना, तेव्हा मला पुढचं वाक्य आठवेना." मी म्हटलं, वय झालं. तर म्हणाले, "गप रे. मला वाटत होतं, हो म्हणू नकोस गं पोरी. नाही म्हण." ज्या माणसाला घरातल्या सगळ्यांची सगळी वाक्यं येतात, तो असं म्हणाला. मग माझा दंड धरून बजावलं, की हे तिला सांगायचं नाही, वाक्य विसरलो म्हणजे घराण्याची अब्रू जाईल. मी शपथ घेतली आणि घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो. फोन घ्यायचा की नाही ते तू बघ, त्यात मी पडत नाही. मला फक्त हे तुझ्यापर्यंत पोचवायचं होतं. आणि आणखी एक. पहिल्या प्रयोगानंतर तोंडावरचा रंग पुसता पुसता तू मला विचारलं होतंस, "मामा, कसं झालं?" तेवढ्यात बातमीदारांचा लोंढा बाबांना शोधत आत घुसला आणि माझं उत्तर राहून गेलं. ते देतो. तू काड्या मिटल्यास त्या इतक्या जपून, की ज्या माणसाला नाटकात कुणी पाहिलेलंच नाही, त्याचे कान मला दिसले. चांगलं झालं, ठमे. फार चांगलं झालं.

तुझाच,
मामा