ओबेड शिलाई मशीनवर झोपतो

सोमवार, ३ ऑगस्ट. सकाळी.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. ओबेडमुळे नाही, ते गुणी लेकरू मस्त घोरत होतं. मशीनमुळे. एल्विनने ऑकलंडहून शिलाई मशीन पाठवलंय, गुरुवारच्या बोटीने येतंय. आणि सरकारला ड्यूटी बसवायला नेमका हाच महिना सापडला. बाहेरून बेटावर जे उतरेल त्या सगळ्यावर. माझ्या आजोबांच्या आजोबांपासून आम्ही इथे राहतोय, तेव्हा कुणाला काही आठवलं नाही. माझं मशीन निघालं आणि आठवलं.
मशीन आलं की मी बेटभरचे कपडे शिवणार. मग एल्विनला तिकडे गोदीत पोती वाहायला नको. ख्रिसमसला घरी. ओबेडने बापाचं तोंडसुद्धा बघितलेलं नाही अजून. मशीन गेलं की आणखी एक वर्ष गेलं.
ड्यूटी भरायला जवळ काही नाही. न भरता सापडले तर तुरुंग. इथल्या किंग्स्टन बंदरातला जुना तुरुंग कधीच पडलाय, आत गाई बसतात. म्हणजे मी गाईंबरोबर. आणि ओबेड कुणाकडे?
पाद्र्याची बायको म्हणाली, लेटी, मनातलं लिहून काढ, झोप येते. म्हणून ही वही. फक्त माझ्यासाठी. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.
आजपासून घाबरायचं नाही. ठरलं.

मंगळवार, ४ ऑगस्ट. संध्याकाळी.
झोप आली नाही. पाद्र्याच्या बायकोला मूल नाही, तिला काय माहीत.
आज हॉलमध्ये ड्यूटीवर मीटिंग. सगळं बेट हजर. बायरनकाका टेबलावर मुठी आपटून बोलले. म्हणाले, हे बेट आम्हाला राणीने दिलं, स्वतःच्या हाताने दिलं, आणि देताना ड्यूटीचं अक्षर काढलं नाही. जो भरेल तो आमचा नाही! सगळ्यांनी हात वर केले. मी ओबेडचाही केला.
मग सिडनीहून आलेला कस्टमवाला उठला. मिस्टर पेटिग्रू. लांब मान, ओला रुमाल. हातात भलामोठा कागद. वाचायला लागला, तोच डॉटमावशीने देवाचं गाणं उचललं. झालं, सगळा हॉल गायला लागला. आमच्याकडे मयताला गातात, बोट आली की गातात, बोट गेली की गातात. पेटिग्रूचं तोंड हलत होतं, शब्द एक ऐकू आला नाही. कडवं संपलं की तो परत सुरू करायचा, आणि आम्ही पुढचं कडवं. शेवटी बसला बिचारा. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. डॉटमावशी म्हणाली, "पोरी, तुझ्या आवाजाने त्याचा चष्मा खाली आला."
जिंकलो आम्ही. एवढी एकी मी जन्मात पाहिली नव्हती.

बुधवार, ५ ऑगस्ट.
एकी सकाळपर्यंत टिकली. दूध आणायला गेले तर कस्टमच्या शेडबाहेर रांग. सगळ्यात पुढे बायरनकाका, काखेत नवा कंदील. मला बघून म्हणाले, "मी निषेध म्हणून भरतोय."
म्हटलं, "काका, निषेध जरा मोठ्याने करा, मागच्यांना ऐकू जात नाही." तर कंदील कोटात लपवला.
म्हणजे शब्दाला जागणारी आता मी एकटीच. तसं भरणं मला परवडणारही नाही, पण ते वेगळं.
माझा प्लॅन तयार आहे. बोट किनाऱ्याला लागत नाही, लांब उभी राहते, माल होड्यांनी आणतात. आणि एका होडीचं सुकाणू कुणाकडे? माझ्या सायरसदादाकडे. पेटिग्रू बसणार धक्क्यावर. मी जाणार बाबागाडी घेऊन. दादा मशीन बाबागाडीत टाकणार, वर दुपटं, दुपट्यावर ओबेड. लेकराच्या बुडाखाली कुठला साहेब हात घालतो? सिडनीचा तर नाहीच नाही.
एवढं डोकं माझं शाळेत चाललं असतं तर शाळा सुटली नसती.
ता. क. वहीच्या पानात पिल्हीचा, आमच्या भाजलेल्या वडीचा, चुरा. केळ्याची. मी रताळ्याची केली होती. केळ्याची पिल्ही आमच्या रस्त्यावर एकच बाई भाजते, आणि ती रोज साखर मागायला येते. नाव घेत नाही. लाज वाटली पाहिजे.

गुरुवार, ६ ऑगस्ट. दुपारी.
दोनदा चहा केला, दोनदा सांडला. आनंदाने.
किंग्स्टनला बोट येणार म्हणून पहाटे ओबेडला घेऊन धक्क्यावर. तासन्‌तास उभी. मग वारा फिरला, समुद्र खवळला आणि बोट नांगर उचलून गेली बेटाच्या पलीकडे, कॅस्केडच्या धक्क्याला. दर वेळी असंच. सगळे घोड्यांवर, गाड्यांवर निघाले, आणि मी बाबागाडी ढकलत त्या चढावर. अर्ध्यात मागून लॉरी आली. लॉरीत पेटिग्रू.
म्हणाला, "बाई, एवढ्या चढावर? बसा."
नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्याने बाबागाडी उचलून मागे ठेवलीसुद्धा. म्हणजे चोरी करायला मला कस्टमवाला स्वतःच्या लॉरीतून घेऊन गेला. रस्ताभर विचारत होता, बाळाला दात आलेत का. मी म्हटलं, हो. आलेले नाहीत.
कॅस्केडला दादाने काम चोख केलं. पिठाच्या पोत्यांमागून खोकं सरकवलं, वर दुपटं, वर ओबेड. दादा कानाशी पुटपुटला, "लेटे, घामाने भिजलीयस, कुणीही ओळखेल." म्हटलं, चढ होता.
परत निघाले तर पेटिग्रू हजर. घरी सोडतो म्हणाला. बाबागाडी उचलायला वाकला आणि तसाच राहिला. "बापरे! सकाळी एवढा भारी नव्हता."
मी म्हटलं, "दूध प्यायलाय."
"छान," म्हणाला. माणूस साधा आहे. सिडनीत असेच मिळतात वाटतं.
दारात उतरवून टोपी काढली आणि म्हणाला, "शनिवारी चहाला येऊ का? थोडं बोलायचंय."
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?
आता ओबेड खोक्यावर झोपलाय. खोक्याला हात लावून बघते सारखी. लोखंडाचा वास येतो. मी घाबरलेली नाही.

शुक्रवार, ७ ऑगस्ट.
घाबरलेय.
थोडं बोलायचंय म्हणजे काय? घर उलटंपालटं करायला येतोय. आधी चहा पिणार, मग बेड्या. सरकारी माणसं तशीच असतात, नीट कप धरून.
दादाला बोटशेडवर फोन केला. आमच्या लाइनवर एवढी घरं की घंटा एकाची वाजते आणि रिसीव्हर दहा जण उचलतात. म्हणून शहाणपणाने बोलले.
"दादा, भोपळा घरात ठेवता येत नाही. घेऊन जा."
दादा म्हणाला, "कुठला भोपळा?"
"गुरुवारचा भोपळा."
"गुरुवारी कुठे भोपळा..."
तेवढ्यात लाइनवर डॉटमावशी, "सायरस, मशीन रे! भोपळा म्हणजे मशीन! किती बावळट झालास!" मग कोणीतरी खोकलं. मग कोणीतरी हसलं. ते हसणं आमच्या बेटाचं नव्हतं.
दुपारी दादा येऊन मशीन घेऊन गेला. रिकामं खोकं ओबेडच्या खाली तसंच ठेवलं, त्याला आता दुसरीकडे झोप येत नाही. दादाला बजावलं, शनिवारी तिसऱ्या प्रहरी माशांना जाशील तेव्हा मशीन होडीत घे. निघायच्या आधी माझा फोन आला नाही तर समज मला पकडलं. मग खडकांच्या पलीकडे नेऊन समुद्रात टाक. पुरावाच नको.
दादा म्हणाला, "तुझं डोकं फिरलंय. एल्विन मला टाकेल समुद्रात."
"मशीन परत मिळेल, ओबेडला आई परत मिळणार नाही. सांगितलं ते कर."
"लेटे, त्या माणसाला एकदा सरळ विचार तरी."
"कस्टमवाल्याला? सरळ?" हसूच आलं मला. भोळा आहे दादा. पण शब्दाचा पक्का. बाकी बेटासारखा नाही. एकदा हो म्हणाला की करणारच.
प्लॅन आता पूर्ण आहे. कुठेही भोक नाही.

शनिवार, ८ ऑगस्ट. चहा चालू आहे.
पेटिग्रू समोर बसलाय. मी पिल्हीची कृती लिहून देते असं सांगून लिहितेय. कृती डॉटमावशीसाठी. ती साखर मागायला आलीय आणि दारात उभीच आहे, कारण आज बघायला मजा आहे.
तो आला, टोपी काढली, बसला. नेमका भिंतीवरच्या फोनखालच्या खुर्चीत. म्हणाला, "तुमच्या मशीनबद्दल बोलायचं होतं."
मी म्हटलं, कुठलं मशीन.
म्हणाला, "भोपळा." आणि हसला. काल लाइनवर त्याची बायको होती. तिला फ्रॉक शिवायचाय. कापड सिडनीहून आणलंय, बेटावर शिवणारं कुणी मिळत नव्हतं, ऐकून तिला एवढा आनंद झाला की जेवली नाही. पहिलं गिऱ्हाईक. कस्टमवाल्याची बायको.
मी म्हटलं, "आणि ड्यूटी?"
त्याने पिल्हीचा घास गिळला. म्हणाला, "शिलाई मशीनला ड्यूटी नाहीच, बाई. पाळणे, शाळेच्या पाट्या, शिलाई मशीन, सगळं माफ. मंगळवारी मी तेच वाचत होतो." मग कप खाली ठेवला. "तुम्ही फार छान गाता."
दारातून डॉटमावशी म्हणाली, "गाते ना? लहानपणापासून."
फक्त एक करायचं, म्हणाला. मशीन त्याला दाखवायचं, तो त्यावर खडूने खूण करणार, संपलं. खिशातून खडू काढूनसुद्धा ठेवलाय टेबलावर. माझ्या तोंडून काय गेलं? "ओबेड झोपलाय त्यावर."
"उठवू नका," म्हणाला. "मी थांबतो." आणि पिल्हीचा दुसरा तुकडा घेतला. एवढा सभ्य माणूस मी पाहिला नाही. जातच नाहीये.
आता खरं कसं सांगू? की खोकं रिकामं आहे, आणि मशीन मीच बुडवायला दिलंय? फोन त्याच्या डोक्यावर. हात वर केला तरी त्याच्या केसांना लागतो. दादा माशांना निघण्याची वेळ झालीय. आणि दादा शब्दाचा पक्का.
ओबेड चुळबुळ करतोय. उठू नको रे राजा. आज तरी नको.
ही वही मी आता मावशीच्या हातात देणार, कृती म्हणून. वाचू नकोस असं म्हणणार नाही. मावशी, मला माहितेय तू घरी जाऊन सगळ्यात आधी हीच उघडशील. पहिल्यांदाच सांगते, वाच. आणि मावशीने नाही वाचली तर जो कोणी वाचेल त्याने. पहिली पानं सोडा. साखर नंतर न्या. पेटिग्रूच्या बायकोला ऐकू गेलं तरी चालेल, सगळ्या लाइनला ऐकू गेलं तरी चालेल.
सायरसदादाला बोटशेडवर फोन करा. सांगा, लेटी म्हणते, भोपळा बुडवू नको.