गुडघ्यांचा टब

ता. ३, सोमवार
पहिली आली नर्सबाई, तिच्यामागे पाठीवर पंप घेतलेला फवारणीवाला, आणि त्या दोघांच्या मागे अर्थातच शेजारची टेलरीण, गळ्यात टेप तशीच. आमच्याकडे काय चाललंय ते कळल्याशिवाय तिला सुईत दोरा ओवता येत नाही. नर्सबाई म्हणाली, खालच्या गल्लीत मलेरिया निघालाय. मला हसूच आलं. म्हटलं, बाई, एवढ्या डोंगरावर डास? मेला चढतानाच दमेल. ती म्हणाली, आजी, पूर्वीची थंडी राहिलीय का? तेव्हा डास आला तरी गारठ्याने त्याच्या पोटात रोग वाढत नव्हता. आता उबेला वाढतो. साठवलेलं पाणी दाखवा.

ऊब बाकी खरी हं. तीन वर्षांत गुडघे कसे मोकळे झालेत! गच्चीवर टब भरून ठेवते, उन्हाने आपोआप कोमट होतो, रोज पाय सोडून बसते. हे सांगितलं असतं तर लगेच ओतायला लावला असता. म्हटलं, गच्चीवर नुसते वाळत घातलेले कपडे आहेत. टबावर चादर होतीच, म्हणजे फार खोटं नाही. मग टेलरणीच्या कुंड्यांकडे बोट केलं. सहज.

ता. ५, बुधवार
फवारणीवाल्याने टेलरणीच्या कुंड्यांखालच्या ताटल्या ओतल्या, दारावर ‘इथे पाणी साठतं’ म्हणून लाल खूण केली. बिचारी. उद्या टब नक्की ओतणार.

ता. ६, गुरुवार
नाही ओतला. ऊन फार छान पडलं होतं. पाण्यात बारीक बारीक काहीतरी वळवळतं. पाय घातला की तळाला पळतात. एवढी भित्री जात, काय चावणार?

ता. २०, गुरुवार
ठकीला हुडहुडी. सात वर्षांची माझी नात, चार पांघरुणांखाली दात वाजवतेय. सूनबाई म्हणाली, काहीतरी गार प्यायली असेल. मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच की तिने वळून पाहिलं. टब उद्या.

ता. २२, शनिवार
रक्तात मलेरिया निघाला. दवाखान्यात ठेवलंय. हाताला सलाईन, आणि मला विचारते, आजी, एवढे जिने चढलीस, गुडघे दुखले का गं? मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

ता. २४, सोमवार
टेलरीण आली ती रडतच. हात जोडून म्हणाली, आजी, माझ्या कुंड्यांपायी पोरीला भोगावं लागतंय, माफ करा मला. मग मी काय केलं? माफ केलं. पाठीवरून हात फिरवला, चहासुद्धा पाजला.

ता. २५, मंगळवार
ठकीचा ताप उतरला! नर्सबाई येऊन सांगून गेली. म्हणाली, कुंड्यांत काही सापडलं नव्हतं, आता एकेक गच्ची बघणार.

ती गेल्यागेल्या टब ओतायला वर गेले. हलेना. तांब्याने उपसावं तर वाकवेना. चिरंजीव कामावर, सूनबाई दवाखान्यात. हाक मारायला शेजारी टेलरणीशिवाय आहे कोण? आली बापडी धावत. चादर काढली. पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, अगं, हा टब... ती म्हणाली, तिकडून धरा.

दोघींनी उलटा केला. चहा न घेता गेली. आजवर असं कधी झालं नाही.

नर्सबाई नि फवारणीवाला शुक्रवारी सकाळी दहाला परत येतो म्हणालेत. लाल खूण अजून टेलरणीच्याच दारावर आहे. मीच सांगणार त्यांना. नक्की.