पट्ट्याचं अस्तर

सोमवार, ६ फेब्रुवारी

नाही म्हणजे नाही! असं मी सकाळी म्हणाले, आणि दुपारी कुत्रा घरात.

लेक म्हणाली, "आई, दहा दिवस ठेवून बघायचा. तू हो म्हणालीस तरच राहील." म्हणजे पुन्हा माझ्याच गळ्यात! मागचा कुत्राही मीच पसंत केला होता. "अगदी गरीब गाय आहे गं," हे माझेच शब्द. त्या गरीब गाईनं चौथ्या दिवशी धाकट्या नातवाचा ओठ फाडला. दवाखान्यात तीन टाके. माझा जन्म टाके घालण्यात गेला, पण ते तीन मी अजून मोजते. तेव्हा तो दोन वर्षांचा होता, आता चारचा आहे. हसला की ओठावरची रेघ वाकडी होते. घरात मला कोणी एका शब्दानं बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

म्हणून या खेपेला डोळ्यांत तेल घालून बघणार. रोज लिहून ठेवणार.

तर कुत्रा. भुरा, मध्यम चणीचा, एक कान उभा, एक पडलेला. नावही भुऱ्याच. घेऊन आलेला माणूस चाळिशीचा, ऑफिसात जाणारा. बोलणं साखरेत घोळलेलं. "मांजर चालतं, ससा चालतो, मुलं तर त्याचा जीव की प्राण. लहानपणापासून आमच्याकडेच आहे." मी मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. वय विचारलं तर म्हणे चार. मी म्हटलं, "मग तोंडाभोवती पांढरे केस कसले?"

"रंगच तसा आहे हो, आजी."

आजी! नातं जोडून मोकळा.

आणि जाता जाता दारात थांबून काय विचारावं? "शिलाई मशीन तुमची का? रोज चालवता?"

त्याला काय करायचंय माझ्या मशीनशी?

मंगळवार, ७

ठकीनं — आमच्या मांजरीनं — सकाळीच दोन सणसणीत लगावल्या. भुऱ्यानं नुसती मान फिरवली. जणू तिची चूक त्यानं पाहिलीच नाही! मग सशाच्या पिंजऱ्यापाशी गेला, वास घेतला आणि पाठ करून बसला. धाकटा त्याच्यावर स्वार होऊन "चल घोड्या" करत होता. हूं नाही की चूं नाही. मी दोन हात अंतरावर उभी, लाटणं घेऊन.

थोरली नात नऊ वर्षांची. डोळे चमकवत म्हणाली, "आजी, बघ ना किती गुणी!"

तेच तर! इतका गुणी कुत्रा कोणी देऊन का टाकेल? कोऱ्या कापडाचा तागा कोणी फुकट पुढे केला की मी आधी उजेडात धरून बघते, कसर कुठे लागलीय म्हणून.

बुधवार, ८

आज पहिल्यांदा मशीनवर बसले. शेजारणीचे पडदे राहिले होते.

पायमशीन सुरू झाली की जनावरं पळतात. ठकीला नऊ वर्षं झाली, अजून कपाटावर चढते. हा आला! सरळ माझ्या पायांशी. पायडलच्या डाव्या अंगाला जिथे पाय लागत नाही, बरोबर तेवढ्याच जागेत अंगाचं मुटकुळं करून निजला. चाक थांबलं की एक डोळा उघडायचा. चाक फिरलं की मिटायचा.

ही जागा नवख्याला सापडत नाही. माझ्या लेकीला लहानपणी सापडायला वर्ष लागलं, तोवर किती लाथा खाल्ल्या असतील तिनं.

गोडबोल्याला फोन केला. "तुमच्या घरी मशीन आहे का हो?"

"छे! आमच्याकडे कोण शिवणार आता."

आता! म्हणजे आधी कोण शिवत होतं? विचारणार तोच म्हणाला, मीटिंग आहे. कुठेतरी पाणी मुरतंय.

अर्ध्या तासात गुडघे बोलायला लागले, उठले. जावई पुन्हा म्हणाले, "आई, मोटार बसवून देतो ना." मी म्हटलं, मोटारीला कुठे कळतं मी कधी अडखळणार ते!

गुरुवार, ९

समोरच्या बसथांब्यावर एक म्हातारा. डोक्यावर टोपी, दोन्ही हात कोटाच्या खिशात. अकराला येऊन बसला तो बारापर्यंत. तीन बस आल्या. एकीतही चढला नाही.

अकरालाच भुऱ्या मशीनखालून उठला, खिडकीखाली गेला. नाक वर. शेपूट हळूहळू, हळूहळू.

शुक्रवार, १०

पुन्हा म्हातारा. चार बस सोडल्या. हात खिशातच.

शनिवार, ११

जेवताना सगळ्यांसमोर बोलले. म्हटलं, हा कट आहे. कुत्रा आत, म्हातारा बाहेर, गोडबोल्या फोनवर. घर हेरताहेत.

लेक म्हणाली, "आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय आई? ससा?"

जावई पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाले, "मला वाटतं म्हाताऱ्याला तुम्हीच आवडला असाल." मी असं बघितलं की त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला. थोरली मात्र हसली नाही. ती म्हणाली, "आजी, तू त्याला घालवायला कारण शोधतेस ना?"

पोरीनं बरोबर नस धरली. धाकट्याचा ओठ बघितला की मला कारणं शोधावीशीच वाटतात. पण म्हणून म्हातारा खोटा होत नाही!

रविवार, १२

आज मुद्दाम परीक्षा घेतली. पावणेअकराला मशीन बंद केली, पडदा ओढला आणि फटीतून बघत बसले.

अकराला म्हातारा आला. बसला. मान आमच्या घराकडे वळलेली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. मग उठला. रस्ता ओलांडून थेट आमच्या फाटकापाशी आला! आत बघितलं नाही. नुसता कान दिल्यासारखा उभा राहिला. भुऱ्या दाराच्या फटीला नाक लावून कण्हायला लागला. मी जोरात खाकरले. म्हातारा लगेच वळला आणि भराभर निघून गेला. पाय चांगलेच चालतात त्याचे.

लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "पत्ता विचारायचा असेल."

कुणाला? बंद दाराला?

सोमवार, १३

आज उलगडलं. निदान अर्धं.

भुऱ्याला आंघोळ घातली, पट्टा वाळत टाकला. कॅनव्हासचा जुना पट्टा, साधाच दिसतो. हातात घेऊन उलटा केला आणि खाली बसले. आतून अस्तर! शर्टाच्या कॉलरला लावतात तसलं मऊ कापड, मान सोलू नये म्हणून. कडेनं पायमशीनची टीप, इंचाला बारा टाके, एकही इकडचा तिकडे नाही. दोरा मेण लावून ओढलेला. हा हात शिकाऊ नव्हे. आणि गोडबोल्याच्या शर्टाचं वरून दुसरं बटण गेल्या सोमवारी एका धाग्यावर लोंबत होतं! ज्याच्या घरात असा हात आहे, त्याचं बटण असं लोंबेल?

मला शिवण कोणी शिकवली नाही. लोकांचे जुने कपडे आणायचे, उसवायचे, कसं जोडलंय ते बघायचं आणि पुन्हा शिवायचं. त्यामुळे कुणाचा हात आहे हे मला उसवल्याशिवाय कळतच नाही. कात्रीचं टोक घातलं. बकलाजवळ टीप सैल वाटली, म्हणजे हा पट्टा मुद्दाम उघडता यावा असा शिवलाय. तिथूनच उसवला.

आत कापडाची चिठ्ठी. शिंपी गिऱ्हाइकाच्या कपड्याला आकडा लावतात तशी. तिच्यावर शाईनं, एकाखाली एक:

गळा ८
११
१३॥
१४
१४
१४
१४

अर्ध्या इंचाला दोन उभ्या रेघा. असं लिहिणारे शिंपी आता उरले नाहीत. आणि शाई प्रत्येक आकड्याला वेगळी — म्हणजे दर वर्षी कोणीतरी हा पट्टा उसवलाय, माप घेतलंय, आकडा टाकलाय, पुन्हा शिवलाय. आठ इंचाचं पिल्लू होतं तेव्हापासून.

सात आकडे. म्हणजे सात वर्षं, चार नव्हेत! गोडबोल्या वयात खोटं बोलला. "लहानपणापासून आमच्याकडेच" म्हणाला होता, तेही खोटं. हा कुत्रा कुठल्यातरी शिंप्याचा आहे. त्याच्याकडून उचललेला आहे. कुणीतरी कुठेतरी रिकामी दोरी धरून बसलंय.

म्हणूनच मशीनखाली. बिचारं आपलं घर शोधतंय.

मंगळवार, १४

सकाळीच फोन केला. प्रस्तावना केली नाही. "कुत्रा घेऊन जा, आणि ज्याचा आहे त्याला नेऊन द्या. नाहीतर मी पोलिसात सांगते. पट्ट्यातलं मी वाचलंय."

मग गोडबोल्याचा आवाज — साखर सगळी विरघळलेली. "उद्या येतो, आजी. फोनवर नाही सांगता येणार."

थोरलीला सांगायचं काम माझ्याकडे आलं. म्हटलं, बाळा, दुसऱ्याची वस्तू आपण ठेवत नाही. ती म्हणाली, "वस्तू?" बस, एवढंच. मग भुऱ्याच्या पोटात तोंड खुपसून रडली. धाकट्याला काही कळलं नाही. त्यानं बहीण रडते म्हणून आपला रुमाल आणून भुऱ्याचेच डोळे पुसले. भुऱ्यानं त्याच्या ओठावरची रेघ चाटली. मी हातातलं लाटणं ठेवून दिलं. आठ दिवस उगाच वागवत होते.

कुत्र्यात खोट नाही, हे इथे लिहून ठेवते. खोट माणसांत आहे. पण उत्तर तेच — नाही.

बुधवार, १५

अकराला बेल. गोडबोल्या. आणि त्यानं हाताला धरून आणलेला बसथांब्यावरचा म्हातारा!

"हे माझे बाबा," म्हणाला.

भुऱ्यानं जे केलं ते लिहिता येत नाही.

म्हाताऱ्यानं हात खिशातून काढले तेव्हा कळलं ते खिशात का असतात. दोन्ही थरथरत होते, वाऱ्यावरच्या धुण्यासारखे. चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. गेल्या वर्षी हात गेले. मशीन गेली, मुलाकडे राहायला आले, आणि मशीनचा आवाज थांबला तसं भुऱ्यानं खाणं सोडलं. वय त्यांनीच खोटं सांगायला लावलं — सात वर्षांचा कुत्रा कोण घेतो? दोन घरं त्यांनी नाकारली, मशीन नव्हती म्हणून. रोज येऊन ऐकत बसायचे. मी विचारलं, आत का नाही आलात? "मला बघितलं असतं तर तुमच्याकडे रुळला नसता, बाई. रविवारी आवाज आला नाही म्हणून तेवढा फाटकापर्यंत आलो."

मशीनवर उसवलेला पट्टा तसाच पडला होता. वाकून बघितला त्यांनी. "कुठून उसवलात?"

"बकलाजवळून."

"बरोबर उसवलंत."

थोरलीनं माझा पदर ओढला. "आजी, मग हो?"

"मला काय विचारतेस? यांनी आपल्याला पसंत केलंय का ते विचार!"

भुऱ्याचा गळा मापून चिठ्ठीवर आठवा आकडा मी लिहिला. १४. मग पट्टा पुन्हा शिवायला ते मशीनच्या स्टुलावर बसले, मी शेजारी. पायडलवर पाय त्यांचे, कापडावर हात माझे. मी अडखळले की त्यांचा पाय आपोआप थांबत होता.