माझ्या वह्यांना कुणाचा हात?

सोमवार, ४

माझ्या तपासलेल्या वह्यांना कुणीतरी हात लावतंय. नक्की!

शुक्रवारी चौथीला इंग्रजी भूतकाळाचे बारा शब्द घातले. तपासून वह्या कपाटात ठेवल्या. आज वाटल्या, तर माझ्या ‘बरोबर’वर कुणीतरी फुली मारलेली! लाल पेनानंच. वर्गातला बडबड्या म्हणतो, “बाई, ही फुली तुमची नाही. तुमची कशी ऐटदार असते!”

बुधवार, ६

कपाटाची दुसरी किल्ली नव्या बाईंकडे. आल्यापासून नुसती साखरपेरणी — “ताई, दमता तुम्ही. चौथीचं इंग्रजी मी घेऊ?”

घेऊ म्हणे! बावीस वर्षं शिकवतेय मी. ‘स्टॉप’ला दोन टाळ्या — पी दोनदा, मग ई-डी. ‘क्राय’ला उडी — वाय पळाला, आय आला. वर्ग दणाणतो! हिला जमेल?

माझा वर्ग हवाय तिला, दुसरं काय.

शनिवार, ९

पकडली!

मधल्या सुट्टीत पाळत ठेवली. कपाटापुढे बसलेली, मांडीवर माझा गठ्ठा, हातात लाल पेन. मला पाहून पांढरीफटक. “काही नाही ताई, आवरत होते.”

तशीच गेले आणि मुख्याध्यापिकांना लेखी तक्रार दिली.

मंगळवार, १२

दोघींना बोलावलं. “हात लावला, खरंय,” एवढंच ती म्हणाली. का, ते सांगेना. नोकरी कच्चीच तिची — शुक्रवार शेवटचा दिवस.

जिंकले मी. तरी जेवण गेलं नाही. गप्प का बसली? काहीतरी डाव असणार.

गुरुवार, १४

सगळ्या वह्या घरी आणल्या. तिनं किती घोळ घातलाय तो मोजायला लेकीला बसवलं. म्हटलं, एकेक अक्षर मोठ्यानं वाच.

“आई, इथे पी एकच आहे. तू बरोबर दिलंयस.”

पुढची वही. “इथे वाय तसाच आहे, आई.”

सत्तावीस वह्या झाल्या. नव्या बाईंची एकही फुली चुकीची नव्हती. मी वही नाकाशी नेली तरी अक्षरं एकमेकांत मिसळलेली. लेक हळूच म्हणाली, “कधीपासून दिसत नाहीये तुला?”

नव्या बाईला हे कळलं होतं, म्हणून ती माझ्यामागून तपासत होती. आणि मुख्याध्यापिकांपुढे तिनं तोंड उघडलं असतं, तर चौथी माझ्या हातून गेली असती. लाज वाटते मला. उद्या सांगून टाकते.

शुक्रवार, १५

मुख्याध्यापिकांच्या दारापर्यंत गेले होते. आत पालक बसलेले. परत फिरले.

नव्या बाई चारला गेल्या. मी वर्गातच होते — टाळ्या घेत.