उजव्या गुडघ्याची पट्टी

सिकंदराबाद,
ता. ९ मार्च १९४४

चि. प्रेमसिंग यास,

धनसिंगचा आशीर्वाद. मोठ्या भावाने तो लिहायचा असतो म्हणून लिहिला.

तुझं पत्र पोचलं. वैशाखात शालूबाईशी लग्न ठरलं, बरं झालं. मुलगी औंढ्याकडची, याडीच्या पसंतीची, मग आईपुढे मला विचारायचं कारणच नाही. पलटणीच्या संघातला नामी खेळाडू नवरदेव म्हटल्यावर तांड्यावर हट्ट्या-वसमतपासून माणसं बघायला येतील. मांडव ऐसपैस घाल.

माझी खुशाली विचारलीस. मी मजेत आहे. गिरणीने फुटबॉल संघातून काढून मला फाटकावर बसवलं. इतकी वर्षं बॅक म्हणून गोल राखला, आता फाटक राखतो. साहेबांच्या मते काम तेच आहे. खेळाडूंची खोली महिनाअखेर सोडायची. कामगार जाता-येता विचारतात, "बॅकसाब, पाँव कैसा है?" मी म्हणतो, दोन आहेत, कोणता विचारता?

डॉक्टर म्हणाले, गुडघा आतून फाटला आहे. चालशील, पण पळणं विसर. बॅकला पळणं विसरून कसं चालेल, ते त्यांनी सांगितलं नाही. तू दवाखान्यात मोसंबी घेऊन आलास. म्हणालास, "भिया, खेळात व्हतंच असं. काहून मनाला लावून घेऊन राहिला?" मी भिंतीकडे तोंड केलं. ते दुखण्यामुळे नव्हतं.

आठवतं का, वसमतच्या बाजाराला जाताना कापसाच्या गाडीवरून मी पडलो होतो? डावा गुडघा तेव्हापासून कच्चा. पुढे हिंगोलीत छावणीच्या जुन्या मैदानावर खेळायला लागलो, तेव्हा पट्टी धडक्या पायाला, उजव्याला बांधायची, ही अक्कल माझी. पण पहिली पट्टी तू बांधलीस, याडीच्या जुन्या घागऱ्याची किनार फाडून. आपण दोघं किती हसलो होतो. समोरचे फॉरवर्ड पट्टी बघायचे, हा पाय अधू समजून त्याच बाजूने घुसायचे, आणि त्याच पायाने मी चेंडू काढून घ्यायचो. माझी सगळी कीर्ती त्या चिंधीची. डाव्या गुडघ्याची गोष्ट जगात तिघांना ठाऊक होती. याडी फुटबॉल खेळत नाही.

कपाच्या सामन्यात तुमच्या पलटणीतला एकही जण पट्टीच्या बाजूने आला नाही. पहिल्या शिट्टीपासून सगळे माझ्या डावीकडून. मला वळवायचे, पुन्हा वळवायचे. ती जागा तुझी. नेहमी तूच तिथून खेळतोस. त्या दिवशी तू मैदानाच्या पलीकडच्या कडेला जाऊन उभा राहिलास. माझा गुडघा गेला तेव्हाही तिथेच होतास. मला उचलून नेताना तुमचा कप्तान जवळ आला आणि म्हणाला, "पट्टी तो अच्छी बांधते, भाई."

कप तुम्ही नेलात. तुझ्या बाहीवर बढतीची फीत लागली, असं ऐकतो.

तू स्वतः आला असतास तर मी अडवलं असतं, नाहीतर हरलो असतो, आणि संध्याकाळी आपण एका ताटात जेवलो असतो. तू मला हरवलंस याचा राग नाही. तू दुसऱ्यांना वाट दाखवलीस आणि स्वतः लांब उभा राहिलास. त्याचा राग आहे, आणि तो जाईल असं मला वाटत नाही.

याडीला मी कळवलं आहे, ओल्या मैदानात पाय घसरला. तूही तेच सांग. तिला दोन्ही लेकरं राहू देत. मागे उभं राहून घर राखायचं, एवढंच मला येतं.

लग्नाला मी येणार नाही. याडीला म्हण, गिरणीने रजा दिली नाही. खरं कारण तुझ्यापुरतं लिहितो. नवरदेवाला मोठ्या भावाच्या पाया पडावं लागतं. तू वाकशील, तेव्हा तुझा हात कोणत्या पायाकडे आधी जातो, हे मी बघत बसेन.

शालूबाईला माझा आशीर्वाद सांग. तो मनापासून आहे.

धनसिंग